हेलिबरीचे वारस

‘आंतरराष्ट्रीय विकास’ या नावाचा एक विषय ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांतून शिकवला जातो. एका वर्षात त्याची एम.ए. किंवा एम.एस्सी. पदवी मिळते आणि ती घेण्यासाठी पुण्यामुंबईची, क्वचित लातूर-अमरावतीचीही मुले शिक्षणकर्ज काढून जातात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. समाजासाठी काही करावे असे मनापासून वाटणारी ही मुले असतात. शंका घ्यायची ती विषयाविषयी. या विषयाच्या नावातच एक लबाडी आहे आणि ती नावापुरती राहिलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाचा सरळ अर्थ राष्ट्राराष्ट्रांमधला. म्हणजे दोन देशांमध्ये पैसा कसा वाहतो, कर्ज कोण देते, कच्चा माल कोणत्या भावाने जातो, करचुकवेगिरीचा पैसा कोणत्या बेटांवर जाऊन बसतो, हा या विषयाचा गाभा असायला हवा. प्रत्यक्षात गाभा असतो तो ‘दुसऱ्यांच्या राष्ट्रांतला’ विकास. ग्लासगोतले मूल उपाशीपोटी शाळेत येत असेल तर तो प्रश्न सामाजिक धोरण शिकवणाऱ्या विभागाचा. मेळघाटातले मूल कुपोषित असेल तर तो विकास शिकवणाऱ्या विभागाचा. दोन विभाग, दोन वाचनयाद्या आणि दोन शब्दकोश. पहिल्या विभागात मुलाच्या आईच्या मजुरीविषयी, घरभाड्याविषयी, सरकारने कापलेल्या भत्त्यांविषयी बोलतात. दुसऱ्या विभागात क्षमतावर्धन, जाणीवजागृती, लोकसहभाग. एकाच भुकेची एके ठिकाणी राजकीय चर्चा होते आणि दुसरीकडे तिचा प्रकल्प होतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे आत्यंतिक दारिद्र्याविषयीचे विशेष प्रतिवेदक फिलिप अल्स्टन यांनी ब्रिटनचा दौरा केला. या देशात सुमारे १ कोटी ४० लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येचा पाचवा हिस्सा, दारिद्र्यात आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि त्याचा दोष सरकारी धोरणाकडे दिला. सरकारला त्यांची भाषा राजकीय वाटली व तसे बोलूनही दाखवले गेले. परक्या तज्ज्ञाने चार आठवडे फिरून एखाद्या आफ्रिकी देशाविषयी असाच निवाडा दिला तर त्याला अहवाल म्हणतात. तो लंडनविषयी दिला की राजकारण होते. विकासाच्या वर्गात जाऊन बसलेल्या विद्यार्थ्याने हा फरक कोणी ठरवला, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवे.

फरक जुना आहे. १८०६ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या भावी अंमलदारांना शिकवण्यासाठी इंग्लंडात कॉलेज काढले. ते पुढे हर्टफर्डशरमधल्या हेलिबरी येथे गेले आणि त्याच नावाने ओळखले गेले. तिथे इतिहास आणि राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते थॉमस माल्थस. लोकसंख्येवरच्या निबंधाचे लेखक म्हणून ते आपल्याला माहीत असतात. पण १८३४ मध्ये निधन होईपर्यंत ते या कॉलेजात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दूरच्या मुलखाचे अर्थकारण शिकवत होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. न पाहिलेल्या देशातल्या माणसांच्या उपजीविकेचा अभ्यासक्रम आखावा, तो तरुणांकडून घोकून घ्यावा आणि त्यांना त्या माणसांवर अधिकारी म्हणून पाठवावे, ही कल्पना इथे व्यवस्थितपणे अमलात आली.

त्या वर्गातल्या धड्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही. माल्थसचा एक हुशार विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल मुंबई इलाख्यात आला आणि पेशवाई बुडाल्यानंतर दहाएक वर्षांनी पुणे जिल्ह्याच्या जमीनमोजणीचे काम त्याच्याकडे आले. खंडाचा सिद्धांत तो शिकून आला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग सरकारने घ्यायचा. कागदावर यात खोट नाही. पण हजारो शेतांचा खर्च आणि उत्पन्न इतक्या बारकाईने मोजणारी यंत्रणा नव्हती; आकडे चुकीचे आले, भाव पडले, पावसाने ओढ दिली आणि सारा जड झाला. इंदापूर भागात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले, काही निजामाच्या हद्दीत गेले. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी सिद्धांत बाजूला ठेवला. मागच्या वर्षांची वसुली आणि जमिनीचा दिसणारा कस यांवरून दर नव्याने ठरवले. एरिक स्टोक्स या इतिहासकाराने १९५९ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत विस्ताराने सांगितली आहे.

या हकीकतीतला एक तपशील आजच्या विषयासाठी फार मोलाचा आहे. प्रिंगलच्या मोजणीच्या अपयशाचे बरेचसे खापर देशी कारकुनांच्या लाचखोरीवर फोडण्यात आले. लाचखोरी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण सिद्धांत निर्दोष आणि अंमलबजावणी सदोष, हे जे वाक्य तेव्हा तयार झाले ते आजतागायत विकासाच्या प्रत्येक मूल्यमापन अहवालात सापडते. वर्गातल्या ज्ञानाला दोष लागत नाही, तो गावातल्या माणसाला लागतो. इंदापूरच्या ज्या कुणब्याने रात्रीतून घर सोडले त्याला त्या मोजणीविषयी काय म्हणायचे होते, हे कोणत्या परीक्षेत कधी विचारले गेले नाही.

हेलिबरीचे कॉलेज १८५८ मध्ये बंद झाले, परंतु तिची रीत बंद झाली नाही. १९५४ साली ऑक्सफर्डमध्ये वसाहतींच्या अभ्यासाचे केंद्र म्हणून क्वीन एलिझाबेथ हाऊस स्थापन झाले. तिथला आजचा आंतरराष्ट्रीय विकास विभाग त्याच घरात वाढला. दरम्यान २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या भाषणाच्या चौथ्या मुद्द्यात जगातल्या अविकसित प्रदेशांना मदत करण्याची घोषणा केली आणि निम्म्याहून अधिक जगाला एक नवे नाव मिळाले. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये परदेशी विकासाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, १९६६ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या आवारात विकास अध्ययन संस्था उभी राहिली. वसाहती सुटल्यावर रिकाम्या झालेल्या अंमलदारांपैकी कित्येक जण विकासाच्या संस्थांत आणि वर्गांत रुजू झाले; मँचेस्टरच्या प्राध्यापक उमा कोठारी यांनी अशा अंमलदारांशी बोलून हा बदल नोंदवून ठेवला आहे. पाटी बदलली, माणसे पुष्कळ वेळा तीच राहिली.

आणि एका बाबतीत आजचा अभ्यासक्रम हेलिबरीच्याही मागे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना पौर्वात्य भाषा शिकाव्या लागत. आजच्या एका वर्षाच्या पदवीत, बहुतेक ठिकाणी, एकाही भाषेची सक्ती नाही. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांची भाषा यावी असे कंपनीला वाटत होते. ज्यांच्या बरोबरीने काम करायचे असे आपण म्हणतो, त्यांची भाषा मात्र दुभाषावर सोडून देता येते!

इथे कोणी म्हणेल की, दारिद्र्याचा अभ्यास दुसऱ्या रीतीने करताच येत नसेल तर हा विलाप कशासाठी? दुसरी रीत होती आणि तीही लंडनमध्येच वाढली. दादाभाई नौरोजी १८५५ मध्ये व्यापाराच्या निमित्ताने इंग्लंडात गेले. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक झाले. १८७६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयीचा आपला निबंध मुंबईत वाचला. सरकारच्याच आकड्यांवरून त्यांनी दरडोई उत्पन्न वर्षाला वीस रुपयांच्या आसपास काढून दाखवले, आणि मग पुढचा प्रश्न विचारला: हा देश पिकवतो त्यातले बाहेर किती जाते आणि परत किती येते? १९०१ मध्ये हे सर्व लेखन ग्रंथरूपाने आले. दादाभाईंनी दारिद्र्य हिंदुस्थानात पाहिले, पण त्याचे कारण लंडनच्या हिशेबवह्यांत शोधले. हा खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय विकासाचा अभ्यास होता. तो करणारा माणूस ज्यांच्याविषयी लिहीत होता त्यांना उत्तरदायी होता आणि ज्यांच्यावर आरोप करत होता त्यांच्या पार्लमेंटात १८९२ मध्ये निवडून जाऊन बसला.

म्हणजे या विषयाला दोन घराणी उपलब्ध होती. एक माल्थस आणि प्रिंगल यांचे, जे विचारते की इथे काय कमी आहे व ते कसे भरून काढावे. दुसरे दादाभाईंचे, जे विचारते की इथले कुठे गेले. विद्यापीठांनी दुसऱ्या घराण्याला वाचनयादीत एखाद्या आठवड्याची जागा दिली आणि पदवी पहिल्याच्या नावाने दिली.

या विषयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद असा की, दुसऱ्या कोणत्याही विद्याशाखेने स्वतःवर इतकी टीका केलेली नाही. ते खरेच आहे. ससेक्सच्या संस्थेचे पहिले संचालक डडली सियर्स यांनी १९६९ मध्येच बजावले होते की उत्पन्नवाढ म्हणजे विकास नव्हे. दारिद्र्य, बेकारी आणि विषमता यांचे काय झाले ते सांगा. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या पुस्तकात ‘विकास-पर्यटना’ची पुरती शोभा केली: तज्ज्ञ डांबरी सडकेच्या कडेची गावे पाहतो, पावसाळा टाळून जातो, पुरुषांशी आणि पुढाऱ्यांशी बोलतो, संध्याकाळी शहरात परततो. जेम्स फर्ग्युसन यांनी १९९० मध्ये लेसोथोतल्या थाबा-त्सेका प्रकल्पाची चिरफाड केली. जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालाने त्या देशाला बाजारापासून अलिप्त असलेला, पारंपरिक शेतीवर जगणारा समाज ठरवले होते. वस्तुतः तिथले पुरुष पिढ्यानपिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरी करत होते. खाणमजुरांचा देश म्हटले असते तर मजुरीविषयी आणि वंशद्वेषी राजवटीविषयी बोलावे लागले असते. मागासलेले शेतकरी म्हटले की बियाणे आणि रस्ते पुरवून भागते.

अशी टीका वाचून आनंद होतो. परंतु तिचे पुढे काय होते, तेही पाहिले पाहिजे. चेंबर्स यांच्या टीकेतून लोकसहभागाच्या पद्धती बळावल्या. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, तज्ज्ञाने ऐकायचे. काही वर्षांत त्या पद्धतीचे प्रशिक्षणवर्ग निघाले, अनुदानाच्या अर्जात तो रकाना आला आणि रांगोळीचा नकाशा अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. २००१ मध्ये बिल कुक आणि उमा कोठारी यांना सहभाग हीच नवी जुलूमशाही झाली काय, असे विचारणारे पुस्तक संपादित करावे लागले. आज ते पुस्तकही वाचनयादीत आहे. विद्यार्थी शरद ऋतूत त्यावर कडक निबंध लिहितो, चांगले गुण मिळवतो आणि उन्हाळ्यात तोच नकाशा काढून घ्यायला एखाद्या गावात जातो. आत्मटीका या विषयाला बदलण्याऐवजी त्याची ढाल झाली आहे. प्रत्येक आक्षेपाला ‘हे आम्ही शिकवतोच’ असे उत्तर तयार असते. शिकवता, मग करता का नाही?

सियर्स यांच्या उत्तरायुष्यातली एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. १९७९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘अंडरडेव्हलप्ड युरोप’ या नावाचा ग्रंथ काढला. विकासाच्या अभ्यासाची साधने युरोपच्या स्वतःच्या कडेकोपऱ्यांना लावून पाहावीत, हा त्यामागचा विचार. ही दिशा धरली असती तर वर सांगितलेले दोन विभाग कधीच एक झाले असते. ती वाट मुख्य रस्ता झाली नाही, कारण त्या रस्त्यावर अनुदान नव्हते.

आता आपल्या घराकडे पाहू. हा सगळा राग इंग्रजांवर काढून मोकळे होणे सोपे आहे आणि म्हणूनच ते संशयास्पद आहे. आपल्या विद्यापीठांतूनही विकासाचे, ग्रामविकासाचे, समाजकार्याचे अभ्यासक्रम आहेत. पुण्याची मुलगी तीन आठवड्यांसाठी मेळघाटात जाते. तिला कोरकू येत नाही. गडचिरोलीत जाणाऱ्याला माडिया येत नाही. जिथे जायचे त्या जागेला ‘फील्ड’ म्हणतात. कोणाच्या तरी ओसरीला, न्हाणीला, दवाखान्याच्या रांगेला ‘फील्ड’ म्हणणे ही भाषेची साधी सोय नाही. अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, विभागाच्या कपाटात जातो, आणि ज्या बाईने भर उन्हात दोन तास प्रश्नांची उत्तरे दिली तिला त्यातले एक पानही वाचून दाखवले जात नाही. हेलिबरी इंग्लंडात उरलेली नाही, ती आपल्या बसस्टँडापर्यंत येऊन पोचली आहे.

याच मातीत वेगळे उदाहरणही आहे. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले. १९३० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली आणि वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च गावोगाव मांडून पाहिला. ती पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला आणि लंडनला शिकले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा लंडनमधला प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, म्हणजे लंडनहून चालवल्या जाणाऱ्या चलनव्यवस्थेवर. तेव्हा परदेशी जाऊन शिकण्याला कोणाचा आक्षेप असू नये. माझाही नाही. जाऊन कोणता प्रश्न विचारायचा आणि परत येऊन उत्तर कोणाला द्यायचे, यावर सारे अवलंबून आहे.

दादाभाईंची रीत धोरणात उतरली की काय होते, याचा नमुना म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. १९७२ च्या दुष्काळात कामासाठी रस्त्यावर आलेले मजूर, वि. स. पागे यांच्यासारखे विधिमंडळातले नेते, शेतमजुरांच्या संघटना आणि विरोधी पक्ष यांच्या ओढाताणीतून ती आकाराला आली. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा बीडच्या नालाबांधावर मजुरी होऊन पोचू लागला. शहर आणि गाव यांच्यातले नाते इथे हिशेबात मांडले गेले; कोणी कोणावर उपकार केला नाही. काम मागणे हा हक्क ठरला, म्हणून ते न मिळाल्यास भांडता येऊ लागले. योजनेत खोटे हजेरीपट होते, मजुरी रखडत होती, भ्रष्टाचार होता. तरीही तिची चर्चा विधानसभेत, मोर्च्यात आणि वर्तमानपत्रात मराठीत झाली, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्यामागे तिचा अनुभव उभा होता. पुढे परदेशी विद्यापीठांनी तिचा पुष्कळ अभ्यास केला. आपला मुलगा ती तिथे जाऊन इंग्रजीत शिकतो, हे एक वेळ चालेल. ती मराठीत शिकण्याची जागा आपण ठेवली नाही, हे चालण्याजोगे नाही.

या सगळ्याला आता एक तातडीचे कारण मिळाले आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे बंद झाली. ब्रिटनने आपले विकास खाते २०२० मध्येच परराष्ट्र खात्यात विलीन केले होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचे प्रमाण २०२१ मध्ये ०.५ वर आणले, आणि २०२७ पर्यंत ते ०.३ वर आणण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. मदत तुटल्याने दवाखाने बंद पडले, औषधे थांबली. त्यात आनंद मानणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. पण विद्यापीठांतून जो सूर निघाला तो वेगळा होता: नोकऱ्या गेल्या, आता या पदवीला अर्थ काय? या प्रश्नानेच विषयाचे खरे रूप उघडे केले. मदतीचा ओघ आटताच ज्या विद्येला अर्थ उरत नाही, ती मदतखात्याच्या कारकुनीची शिकवणी होती. दारिद्र्य तर जिथल्या तिथे आहे आणि देशांमधला पैशाचा प्रवाहही थांबलेला नाही.

म्हणून मागणी विषय बंद करण्याची नाही. त्याने तीन अटी मान्य कराव्यात. ज्या लोकांचा अभ्यास करायचा त्यांची भाषा आल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. प्रबंध त्या लोकांच्या भाषेत त्यांच्यापुढे वाचावा आणि त्यांचे आक्षेप त्याला जोडावेत. आणि दूरच्या प्रत्येक अभावाबरोबर विद्यापीठाच्या स्वतःच्या देशातली त्याची दुसरी बाजू शिकवावी: खाण आफ्रिकेत असेल तर तिची कंपनी कोणत्या शेअर बाजारात आहे, कपडे ढाक्यात शिवले जात असतील तर ते कोणत्या दुकानात कितीला विकले जातात. या अटी पुण्यालाही लागू आहेत, मुंबईलाही. मेळघाटावरच्या प्रबंधात मेळघाटाला न पोचलेल्या पैशाचा मंत्रालयापासूनचा मार्ग यायला हवा.

येत्या सप्टेंबरात जी मुले विमानात बसतील त्यांनी जरूर जावे. कर्जाचे हप्ते त्यांचे आईबाप फेडणार आहेत, तेव्हा वर्गात प्रश्न विचारण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे. मला कोणती भाषा शिकवणार, माझा प्रबंध कोण वाचणार, आणि तुमच्या देशाची फाईल कोणत्या कपाटात आहे, एवढे तीन प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारले तरी पुरे. उत्तरे मिळाली नाहीत तर तिथल्या ग्रंथालयात दादाभाईंचे पुस्तक असेलच. अभ्यास तिथून सुरू करता येईल.